परदेशात जुना फोन दुरुस्त करायचा म्हणजे

माझा फोन आता आठव्या वर्षात आहे. परदेशात आल्यापासून तो तीनदा उघडला गेला. एकदा विनाकारण, एकदा चुकीचा डिस्प्ले बसवायला आणि एकदा फार उशिरा. "एवढ्या कटकटीपेक्षा नवा घे ना" हे सगळ्यांचं सांगून झालंय, त्यामुळे ते सोडून बाकीचं लिहिते.

दुकान शोधण्याआधी सिम काढा. मायदेशातल्या बँकेचा ओटीपी ज्या नंबरवर येतो, तो नंबर त्या फोनात असतो. फोन दुकानात गेला की आपलेच पैसे आपल्याला हात लावू देत नाहीत. मी पहिल्या खेपेला सिमसकट फोन देऊन आले. "दोन दिवस" म्हणाले होते, लागले अकरा. मधल्या काळात विम्याचा हप्ता भरायची तारीख आली आणि गेली. खात्यात पैसे होते, ओटीपी मात्र दुकानदाराच्या ड्रॉवरमध्ये वाजत असणार.

सिम घालायला दुसरा हँडसेट उसना घ्याल, तर तो नेटवर्क-लॉक नाही ना हे आधी बघा. हप्त्यावर घेतलेल्या फोनात बऱ्याचदा दुसऱ्या कंपनीचं सिम चालत नाही. आणि ई-सिम, म्हणजे फोनातच असलेलं, काढून दुसरीकडे घालता न येणारं सिम असेल तर आणखी गंमत. ते नव्या फोनवर न्यायचं तर अनेक कंपन्या त्याच नंबरवर ओटीपी पाठवतात. त्यामुळे पडदा जिवंत आहे तोवरच हे उरकून घ्या.

त्याच बैठकीत कागदावर तीन गोष्टी लिहा. *#०६# दाबल्यावर दिसणारा आयएमईआय, म्हणजे फोनचा १५ आकडी ओळख क्रमांक, गुगल किंवा ॲपल खात्याचा पासवर्ड, आणि खात्याचे बॅकअप कोड. गुगल असे दहा कोड देतं, प्रत्येक कोड एकदाच चालतो. फोन रीसेट झाला की तो जुनं खातं मागतो, खातं पडताळणीसाठी फोन मागतं, आणि आपण मध्ये उभे. लॉगिनचे कोड देणारं ऑथेंटिकेटर ॲप वापरत असाल तर त्यातली खातीही दुसऱ्या फोनवर हलवा. व्हॉट्सॲपचा बॅकअप शेवटचा कधी झालाय तेही बघून घ्या. माझा चौदा महिन्यांपूर्वीचा निघाला.

आता बिघाडाकडे. माझा फोन चार्ज होईना. केबल लावली की हिरवी खूण यायची, हात काढला की जायची. दुकानातल्या मुलाने तो उघडला, पाहिला, बंद केला आणि "बोर्ड गेलाय" म्हणून तपासणीचे पैसे घेतले. घरी आल्यावर केबल लावून पाहिली, तर पिनेचा काठ पोर्टला टेकतच नव्हता, नखभर बाहेर राहत होता. फोन बंद केला, टेबल लॅम्प जवळ ओढला आणि लाकडी टूथपिकने कडेकडेने उकरायला घेतलं. आधी राखाडी भुगा आला. मग एकदम निळसर सुताचा चपटा, घट्ट बोळा निघाला, मसुराच्या दाण्याएवढा. सगळ्या जीन्सच्या खिशांची दोन वर्षांची कमाई. केबल आत गेली ती 'टक्' आवाज करत. तेव्हा चार्जिंगची तक्रार असेल तर आधी दुसरी केबल, दुसरा चार्जर आणि मग टूथपिक. सुई किंवा सेफ्टीपिन नको. आतल्या पिना वाकल्या की बोर्ड खरोखरच जाईल.

पडदा काळा पडला असेल तर दुसऱ्या फोनवरून रिंग द्या. वाजला किंवा थरथरला तर फोन शाबूत आहे, गेलाय तो डिस्प्ले. चित्र दिसतंय पण टच मेलाय, अशा वेळी ओटीजी ॲडॉप्टर (फोनला यूएसबी वस्तू जोडायचा छोटा जोड) लावून साधा माउस जोडा. बहुतेक अँड्रॉइड फोनांत पडद्यावर बाण येतो आणि त्याने पिन टाकून सगळा बॅकअप घेता येतो. फोन पाण्यात पडला असेल तर तांदळाच्या डब्यात घालू नका. ॲपलसुद्धा नको म्हणतं, कारण तांदळाचे बारीक कण आत जातात. बंद करा, चार्जिंगला लावू नका, पोर्टची बाजू खाली करून हवेशीर जागी ठेवा.

दुरुस्तीला पैसे घालण्यापूर्वी एक प्रश्न स्वतःला विचारा: हा फोन इथे यापुढे किती चालणार? अमेरिकेत मोठ्या कंपन्यांनी २०२२ मध्ये ३जी बंद केलं, ऑस्ट्रेलियात २०२४ मध्ये ते गेलं. अशा ठिकाणी फोन ४जी असून भागत नाही, कॉलसाठी व्होल्टी, म्हणजे ४जीवरूनच बोलायची सोय लागते, आणि दुसऱ्या देशात विकलेल्या मॉडेलवर ती इथल्या नेटवर्कला चालेलच असं नाही. माझ्या फोनवर चालते, म्हणून मी पुढे गेले. चालली नसती तर त्याला वायफायपुरता ठेवला असता.

आता सर्वांत महागात पडलेली गोष्ट: मॉडेल नंबर. फोनचं नाव वेगळं आणि मॉडेल नंबर वेगळा. एकाच नावाचा फोन वेगवेगळ्या देशांत वेगवेगळ्या बोर्डासह, कधी वेगळ्या प्रोसेसरसह विकला जातो, आणि नंबरातल्या शेवटच्या एकदोन अक्षरांत हा फरक लपलेला असतो. माझ्या फोनचं नाव ऐकून दुसऱ्या दुकानाने डिस्प्ले मागवला. आला, उघडला, आणि त्याच्या जोडपट्टीचं टोक बोर्डाला जुळेना. डिस्प्ले परत जाईना, आगाऊ दिलेले पैसेही परत येईनात. तेव्हा सेटिंगमधल्या 'अबाउट फोन'चा फोटो काढा आणि तोच दाखवा. डिस्प्ले फ्रेमसकट की फ्रेमशिवाय, मूळचा ओएलईडी की स्वस्तातला एलसीडी, हे दर ठरवतानाच विचारा. आयफोनवाल्यांनी हेही विचारावं की भाग बदलल्यावर 'अननोन पार्ट'चा संदेश येईल का. नव्या मॉडेलांत फोन भाग ओळखतो आणि परका वाटला तर तसं सेटिंगमध्ये लिहून ठेवतो.

कंपनीच्या सेंटरमध्ये जायला हरकत नाही, पण अपेक्षा बेताची ठेवा. बहुतेक कंपन्यांची वॉरंटी ज्या देशात फोन घेतला त्या देशापुरती असते, आणि जुन्या परदेशी मॉडेलचे भाग त्यांच्या यादीतच नसतात. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून नियम आलाय, की मॉडेलची विक्री थांबल्यावरही सात वर्षं सुटे भाग मिळाले पाहिजेत. पण तो त्या तारखेपासून बाजारात आलेल्या फोनांना, आपल्या म्हाताऱ्याला नाही. मला खरा उपयोग झाला तो रिपेअर कॅफेचा. ही कल्पना २००९ मध्ये ॲमस्टरडॅमला सुरू झाली आणि आता बऱ्याच देशांत पसरलीय. स्वयंसेवक आपल्याशेजारी बसून वस्तू उघडतात, आपल्यालाही बघू देतात. सुटा भाग सहसा आपणच न्यायचा.

भाषेचं म्हणाल तर तोंडी समजावण्याच्या फंदात पडू नका. बिघाडाचा वीस सेकंदांचा व्हिडिओ दुसऱ्या फोनवर काढून न्या. शिवाय डिस्प्लेला आपण सवयीने 'फोल्डर' किंवा 'कॉम्बो' म्हणतो, तो शब्द बाहेर कुणाला कळत नाही. 'डिस्प्ले असेंब्ली' म्हणा. पावतीवर आयएमईआय, बिघाड आणि ठरलेली रक्कम लिहून घ्या. सही करण्याआधी त्या पावतीचा फोटो काढून अनुवादाच्या ॲपमध्ये वाचा.

"टेस्टिंगसाठी पिन द्या" असं सांगतात. देऊ नका. सॅमसंगच्या बऱ्याच फोनांत 'मेंटेनन्स मोड' आहे, पिक्सेलमध्ये 'रिपेअर मोड'. तो चालू केला की फोन तपासता येतो, पण आपले फोटो-मेसेज दिसत नाहीत. इतका जुना फोन असेल की ही सोय नाही, तर बॅकअप घेऊन पुसून द्या. तेही जमणार नसेल तर काउंटरसमोर उभं राहा. मी चाळीस मिनिटं उभी होते. मुलाला आवडलं नाही, पण त्याने ते बोलूनही दाखवलं नाही.

फोन परत मिळाला की दुकानातच सगळं तपासायचं. सिम घालून कॉल करा, स्पीकरवर बोला, कानाला लावल्यावर पडदा विझतो का बघा, दोन्ही कॅमेरे, बोटाचा ठसा, चार्जिंग. टचसाठी एखाद्या ॲपचं चिन्ह दाबून धरा आणि अंगण सारवावं तसं सगळ्या पडद्यावरून फिरवा. जिथे ते हातातून सुटेल तिथे टच मेलेला. एकदा उघडलेल्या फोनचं पाणीरोधक सील पूर्वीसारखं राहिलंय असं धरून चालू नका.

बॅटरीचं शेवटी सांगते, कारण मीही ते शेवटीच मनावर घेतलं. फोन टेबलावर ठेवला की डुलायचा. मला वाटलं टेबल वाकडं. एक दिवस मागची काच कडेने उचललेली दिसली, फटीत नख जाईल एवढी. ती फुगलेली बॅटरी. असं दिसलं की चार्जिंग बंद, फोन बंद, आणि दाबून काच बसवायचा प्रयत्न अजिबात नाही. असा फोन विमानात नेता येत नाही, साध्या कुरियरनेही पाठवता येत नाही, म्हणजे "सुट्टीत घरी नेऊन करू" हा बेत संपला. कुणी येणार असेल तर नवी बॅटरी मागवता येते, पण सुटी लिथियम बॅटरी चेक-इन बॅगेत चालत नाही, केबिन बॅगेतच, टोकांना टेप लावून. येणाऱ्याला हे स्पष्ट सांगा.

बदलल्यावर दुकानदाराने जुनी बॅटरी प्लास्टिकच्या पिशवीत घालून माझ्या हातात ठेवली. आणि मी, कुठलीही वस्तू टाकून न देणारी बाई, ती घेऊन आले. ई-कचरा केंद्र सोमवारी उघडणार होतं. शुक्रवार संध्याकाळपासून ती बाल्कनीत, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, कुंडीतल्या कोरड्या वाळूखाली होती. मी रात्री दोनदा उठून डब्याला हात लावून पाहिला, गरम लागतोय का.