परदेशी प्रवेशासाठी अर्ज करताय? क्रेडिट आणि कागदपत्रांतल्या या चुका टाळा

सोलापुरात तीन वर्षांची पदवी घेतलेली मुलं युरोपातल्या विद्यापीठाच्या अर्जात ‘एकूण क्रेडिट १२०’ असं लिहून मोकळी होतात आणि अर्ज तिथेच अडतो. नव्या शैक्षणिक धोरणात आपल्याकडे वर्षाला ४० क्रेडिट धरतात, युरोपच्या ईसीटीएस पद्धतीत ६०, ब्रिटनमध्ये १२०. म्हणजे आपले १२० तिकडचे साधारण १८० होतात. १२० हाच आकडा लिहिला, तर तुम्ही दोनच वर्षं शिकलात असा अर्थ निघतो.

मात्र नुसतं दीडपट करूनही भागत नाही. जर्मनीत मास्टर्सला अनेक ठिकाणी ‘गणिताचे किमान इतके क्रेडिट’ अशी अट असते आणि तिथे बेरीज नाही, विषय तपासतात. म्हणून मार्कशीट समोर ठेवून तक्ता करा : सत्र, विषयाचा कोड, नाव, तासिका, आपले क्रेडिट, ईसीटीएस. आठवड्याला ३ लेक्चर आणि २ तासांचं प्रॅक्टिकल असेल तर ३ + १ = ४ क्रेडिट, म्हणजे सुमारे ६ ईसीटीएस. जुन्या मार्कशीटवर क्रेडिट नसतील तर मनाने घालू नका. सिलॅबसमधल्या तासिका आणि विषयाचे गुण लिहा, रूपांतर त्यांना करू द्या. सिलॅबस तुमच्याच वर्षाचा हवा. वेबसाइटवर समोर दिसतो तो बहुतेकदा सुधारित असतो आणि त्यातले कोड तुमच्या मार्कशीटशी जुळत नाहीत.

जर्मन ग्रेड काढतानाही घोळ होतो. तिथे १ हा सर्वोत्तम ग्रेड, आकडा वाढेल तसा ग्रेड खालचा. सूत्र सोपं आहे : कमाल गुणांतून तुमचे गुण वजा करा, कमाल वजा उत्तीर्णतेचे किमान गुण याने भागा, ३ ने गुणा, १ मिळवा. सीजीपीए ८.२, कमाल १०, पासिंग ४ असेल तर १.९ येतो. पासिंग चुकून ५ धरलं की तोच ग्रेड २.०८ होतो.

आता नाव. मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं, शेवटी कधी आईचंही. पासपोर्टवर क्रम वेगळा. अर्जात पासपोर्टप्रमाणेच लिहा. स्पेलिंगमध्येच फरक असेल तर प्रतिज्ञापत्र आधी करून घ्या. ‘सोलापूर विद्यापीठ’ असं छापलेली पदवी असेल, तर २०१९ च्या नामविस्ताराचा (पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ) पुरावा सोबत जोडा. विद्यापीठ २००४ मध्ये स्थापन झालं. त्याआधीची पदवी शिवाजी विद्यापीठाची, तिचं ट्रान्सक्रिप्ट (सगळ्या सत्रांच्या गुणांचा अधिकृत उतारा) कोल्हापुरातूनच मिळेल.

ट्रान्सक्रिप्ट सीलबंद पाकिटात मागितलं असेल तर ते घरी उघडायचं नाही. कुतूहलापोटी फोडलेलं पाकीट बाद होतं आणि सगळी फेरी पुन्हा. जर्मनीच्या विद्यार्थी व्हिसासाठी एपीएस प्रमाणपत्र (शैक्षणिक कागदपत्रं तपासून खरी असल्याचा दाखला) नोव्हेंबर २०२२ पासून सक्तीचं आहे. प्रवेशपत्र आल्यावर त्याच्या मागे लागलात तर सत्र हुकतं.

परदेशातून पदवी घेऊन परतणाऱ्यांनी फी भरण्याआधीच मान्यता तपासावी. फ्रँचायझी पद्धतीने, म्हणजे एका विद्यापीठाच्या नावावर दुसऱ्याच संस्थेत शिकून घेतलेल्या पदवीला यूजीसीच्या २०२५ च्या नियमांत समकक्षता मिळत नाही. वैद्यकीय पदवीला तर हे नियम लागूच नाहीत. तिथे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या अटी पाहाव्या लागतात : किमान ५४ महिन्यांचा अभ्यासक्रम, त्याच संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप आणि इंग्रजी माध्यम. एजंटाच्या शब्दावर विसंबू नका, या तिन्ही गोष्टी कॉलेजकडून लेखी मागून घ्या.