शिआनमध्ये पाठीवर सॅक टाकून फिरायचं असेल तर

चीनला जायच्या आधी मी महिनाभर गोऱ्या लोकांचे व्हिडिओ बघत बसले होते आणि सगळ्यांचं रडगाणं एकच, गर्दी किती, लोक रांगेत घुसतात, अनोळखी माणूस पगार विचारतो, संडासात खाली बसावं लागतं. आता यातलं आपल्याला नवीन काय आहे सांगा? शिआनला उतरल्यावर झटका बसला तो वेगळाच, आपण एका रात्रीत अडाणी झालोय. पाटी वाचता येत नाही, बोललेलं कळत नाही, गुगल उघडत नाही, खिशात नोटा आहेत पण समोरच्याकडे सुट्टे नाहीत. त्यामुळे अर्धी तयारी घरूनच करून जायची, तीच आधी सांगते.

व्हिसा. भारतीयांना टुरिस्ट व्हिसा जायच्या आधीच काढावा लागतो. ते २४० तास व्हिसाशिवाय फिरायचं प्रकरण इंटरनेटवर खूप फिरतं, पण ती सवलत मिळणाऱ्या देशांत भारत नाही, तेव्हा त्या भरवशावर तिकीट काढू नका. आणि पॉवर बँक नेणार असाल तर तिच्यावर चीनचा ३सी हा सुरक्षिततेचा छाप आहे का बघा, जून २०२५ पासून तिथल्या देशांतर्गत विमानात छाप नसलेली नेता येत नाही.

फोनचं मात्र नीट वाचा. व्हॉट्सॲप, गुगल, इन्स्टा, यूट्यूब तिथल्या साध्या नेटवर चालत नाही. सगळ्यात कमी कटकटीचा उपाय म्हणजे इथूनच इंटरनॅशनल रोमिंग किंवा ट्रॅव्हल ई-सिम घेऊन जायचं, त्याचा डेटा बाहेरच्या देशातून फिरून येतो म्हणून सगळं चालू राहतं, फक्त हॉटेलच्या वायफायला जोडलं की परत बंद. गुगल मॅप्स चाललं तरी त्याच्यावर विश्वास ठेवू नका, चीनमध्ये नकाशाची मोजणीच मुद्दाम सरकवलेली असते, त्यामुळे तुमचा निळा ठिपका कधीकधी चांगला दोन-चार गल्ल्या पलीकडे दिसतो. आमॅप हे तिथलं नकाशाचं ॲप टाका, इंग्रजीतही आहे. भाषांतराचं ॲप चिनी भाषेसकट ऑफलाइन डाउनलोड करा आणि बोलताना छोटी छोटी वाक्यं बोला. मी पहिल्या दिवशी एका दमात चार वाक्यं बोलले, समोरच्या काकू स्क्रीन वाचून इतक्या हसल्या की मी काय म्हणाले असेन ते आजपर्यंत कळलं नाही.

पैशासाठी अलीपे, तिथलं पेमेंटचं ॲप. क्यूआर स्कॅन करायची सवय आपल्याला आहेच, पण आपलं यूपीआय तिथे विसरा, व्हिसा किंवा मास्टरकार्ड जोडावं लागतं. बँकेच्या ॲपमध्ये इंटरनॅशनल व्यवहार चालू करा, कार्ड घरीच जोडून घ्या आणि भारतातलं सिम फोनमध्ये चालू ठेवा, कारण ओटीपी त्याच्यावरच येणार. २०० युआनच्या आतल्या पेमेंटवर जास्तीचं काही कापत नाहीत, त्याच्यावर गेलं की ३ टक्के लागतात. शंभरेक युआनच्या लहान नोटा असू द्या, फोनची बॅटरी मेली तर.

आणि पासपोर्ट म्हणजे तिथे तुमचं तिकीटच आहे. हाय स्पीड ट्रेन, म्युझियम, हॉटेल, सगळीकडे तोच, झेरॉक्स चालत नाही. बुकिंग करताना नाव पासपोर्टवर आहे अगदी तसंच टाका, आपल्या वडिलांच्या नावाचा घोळ तिथे कोणाला समजावणार. स्टेशनवर ऑटोमॅटिक गेट उघडलं नाही तर घाबरू नका, कडेला माणूस बसलेला असतो तिकडे जायचं. राहायला जुन्या शहरात, तटबंदीच्या आत, बेल टॉवरच्या आसपास बघा म्हणजे बरंच पायी होतं. परदेशी माणसाची नोंद २४ तासांत पोलिसांकडे करावी लागते, हॉटेल-हॉस्टेलवाले ते स्वतःच करतात, पण लहान ठिकाणी कधीकधी त्यांनाच ते जमत नाही, म्हणून आधी मेसेज करून विचारा. आम्ही दोघींनी नाही विचारलं आणि रात्री साडेदहाला सॅक घेऊन दुसरीकडे चालत गेलो. तशी भीती अजिबात वाटली नाही हे मात्र खरं, रस्ते लखलखीत होते आणि पोरंबाळं अजून बाहेर खेळत होती.

आता फिरायचं. पहिल्या संध्याकाळी तटबंदीवर सायकल चालवा, साउथ गेटने वर जायचं, तिथे सायकल भाड्याने मिळते. ही मिंग काळातली, १४व्या शतकातली भिंत, पूर्ण फेरी १३.७ किलोमीटर, आणि वर इतकी रुंद की दोन ट्रक आरामात शेजारून जातील. आपल्या गडांसारखी दमछाक नाही, पण जुन्या विटांवरून सायकल इतकी हादरते की फेरी संपेपर्यंत बूड सुन्न होतं. उन्हाळ्यात दुपारी जाऊ नका, वर सावली नाही.

खायला ड्रम टॉवरच्या मागचा मुस्लिम मोहल्ला. मुख्य रस्त्यावर नुसती झगमग आणि रेटारेटी, तिथे फोटो काढा आणि आतल्या गल्ल्यांत शिरा. तिथलीच ग्रेट मशीदही बघा, स्थापना इसवी सन ७४२ ची, आणि ना घुमट ना उंच मिनार, बाहेरून बघितलं तर चिनी देऊळच वाटतं. नॉनव्हेजवाल्यांनी यांगरो फाओमो खायचंच, वाडगा आणि जाड पाव हातात देतात, पाव आपणच कुस्करायचा, आपण दुधात भाकरी कुस्करतो तसा पण अगदी बारीक, मग वाडगा आत नेऊन मटणाच्या रश्श्यात शिजवून आणतात. मी मोठे तुकडे केले होते तर शेजारच्या टेबलवरच्या आजोबांनी न विचारता माझा वाडगा ओढून बारीक करून दिले. व्हेजवाल्यांचे हाल होतात पण उपाशी राहत नाही. ल्यांगफी म्हणजे थंडगार, आंबट-तिखट, रुंद नूडल्स. आणि योफो म्येन, त्यात नूडल्सवर मिरचीपूड आणि लसूण ठेवून वरून कडकडीत तेल ओततात, चर्रर्र आवाज आला आणि मला एकदम घरची फोडणी आठवली. फक्त 'भाजी' म्हणून मागवलेल्यात खिमा टाकलेला असू शकतो, त्यांच्या हिशोबात तेवढं मांस म्हणजे मांस नाही. तेव्हा मांस नको, मटणाचा रस्सा नको, चरबी नको, अंडं चालेल का नाही, हे सगळं वेगवेगळं चिनी अक्षरांत लिहून स्क्रीनशॉट काढून ठेवा. जेवणं लवकर असतात, दुपारचं साडेअकरालाच सुरू, आपल्या वेळेला गेलात तर स्वयंपाकघर आवरायला घेतलेलं असतं.

टेराकोटा आर्मीला, म्हणजे भाजलेल्या मातीच्या सैनिकांच्या फौजेला, पूर्ण एक दिवस ठेवा. मेट्रोच्या ९ नंबर लाइनने हुआछिंगछी स्टेशन, तिथून सिटी बस. मधे कोणी 'म्युझियम म्युझियम' करत गाडीत बसवायला आला तर मान हलवून पुढे चला. १९७४ मध्ये विहीर खणताना शेतकऱ्यांना हे सैनिक सापडले, आणि ज्याच्यासाठी ते घडवले तो सम्राट छिन शी ह्वांग, त्याची मूळ कबर अजून उघडलेलीच नाही. सकाळी दार उघडताना पोचा आणि थेट १ नंबरच्या खड्ड्याकडे जा, तासाभरात ग्रुप यायला लागले की कठड्याजवळ चार-पाच रांगा लागतात आणि मग कोपर वापरल्याशिवाय पुढे जाता येत नाही. समोरून दिसणाऱ्या रांगा सगळेच बघतात, तुम्ही मागच्या टोकाला पण जा, तिथे अर्धवट जोडलेले, बिनमुंडक्याचे, पट्ट्यांनी बांधलेले सैनिक उभे असतात. हे मुळात रंगवलेले होते पण मातीतून वर काढल्यावर रंग सुकून गळून पडतो, बरंचसं खोदकाम अडवून ठेवायचं ते एक कारण.

आपल्यासाठी खास जागा म्हणजे बिग वाइल्ड गूज पॅगोडा. शाळेत पाठ केलेला ह्युएन त्संग आठवतोय? त्याने भारतातून आणलेले ग्रंथ ठेवायला हा ६५२ मध्ये बांधला. तिथे 'ह्युएन त्संग' म्हणालात तर कोणाला कळणार नाही, श्वेनत्सांग म्हणायचं. चालुक्य राजा पुलकेशीच्या काळात तो महाराष्ट्रातही येऊन गेला आणि आपल्याबद्दल लिहून ठेवलंय की ही माणसं उपकार विसरत नाहीत आणि अपमान केला तर सूड घेतल्याशिवाय राहत नाहीत. त्याच्या पुतळ्यासमोर उभं राहून मी हे मैत्रिणीला सांगितलं, ती म्हणाली आमच्या सोसायटीची मीटिंग बघून गेला असणार.

शान्शी हिस्ट्री म्युझियम फुकट आहे पण बुकिंग आधी लागतं आणि ते पटापट संपतं, सोमवारी बंद. नाही मिळालं तर जीवाला लावून घेऊ नका.

बाकी झटके. पाणी मागितलं की गरम येतं, उन्हाळ्यातही, बाटली जवळ ठेवा आणि ती मेट्रोत न्याल तर एक घोट पिऊन दाखवायला सांगू शकतात, बॅग तर दर वेळी मशीनमधून जाणारच. संडास खाली बसायचाच असतो, तो आपल्याला प्रॉब्लेम नाही, पण पाणी नाही! ना नळ, ना मग, बऱ्याच ठिकाणी कागदसुद्धा नाही. टिश्यू आणि रिकामी बाटली, एवढंच सांगते. इलेक्ट्रिक स्कूटर फूटपाथवरून मागून आवाज न करता येतात, हॉर्नची सवय असलेल्या कानांना हे धोक्याचं आहे. गाड्या उजवीकडून, म्हणजे रस्ता ओलांडताना आधी डावीकडे बघायचं. बाजारात अंगठा आणि करंगळी दाखवली तर तो 'फोन कर' म्हणत नाहीये, ६ सांगतोय, आणि अंगठा-तर्जनी म्हणजे ८. टिप देऊ नका, मागे धावत येऊन परत करतात. १ ते ७ ऑक्टोबर आणि चिनी नववर्षाच्या सुट्टीत मुळीच जाऊ नका, अख्खा देश फिरायला निघालेला असतो.

लोक फोटो मागतात. 'यिन्दू' म्हणजे इंडिया, ते ऐकू आलं की पुढे आमिर खानचं नाव येतं. नको असेल तर हसून हात हलवा, कोणी वाईट वाटून घेत नाही. आणि संध्याकाळी चौकात काकू लोक स्पीकर लावून रांगेत नाचत असतात, तिथे मागे उभं राहून बघायचा बेत असेल तर तो फसणार हे धरून चला, आमच्या सॅक एका काकांनी न सांगता स्वतःच्या स्टुलाशेजारी ठेवून घेतल्या आणि आम्ही तिसऱ्या रांगेत.