ढोल-ताशा पथकात नव्याने जाताय? या चुका टाळा

पावसाळा सुरू झाला की पुण्यात नदीपात्राच्या बाजूने संध्याकाळी ढोल ऐकू येतात आणि पथकांत नवी नावं नोंदवली जातात. मी बरीच वर्षं नव्या मुलामुलींना शिकवतो आहे. हात बसत नाही म्हणून सोडून जाणारे फार थोडे. बाकीच्यांना मैदानावर कुणी आपलं वाटलेलंच नसतं, आणि त्यात थोडी चूक त्यांची, थोडी आमची असते.

गणपतीला पंधरा दिवस उरले असताना येऊ नका. तोवर बाकीच्यांचे ठेके पाठ झालेले असतात, आणि रांगेत एकाचं टिपरू (ढोल वाजवायची काठी) चुकलं तरी ते सगळ्यांना ऐकू येतं.

पहिल्याच दिवशी ताशा मागू नका. ढोलवाले ताशाकडे कान लावून वाजवतात, म्हणून तो अनुभवी हातांत असतो. एक-दोन वर्षं ढोल वाजवा, मग मागा.

शरीराच्या तक्रारी मात्र हमखास येतात. टिपरू घट्ट आवळून धरलं की अंगठ्याच्या बुडाशी फोड येतात. ते सैल धरा, मनगटातून वाजवा, आणि चिकटपट्टी फोड फुटायच्या आधीच गुंडाळा. पाठ दुखत असेल तर ढोल कुठे बांधलाय ते बघा. तो पोटावर लोंबकळला की आपण नकळत मागे झुकतो आणि सगळा भार पाठीवर येतो. कमरेच्या हाडावर घट्ट बांधून घ्या, बांधायला जुन्या वादकाला सांगा. कानात नुसता कापूस पुरत नाही, औषधाच्या दुकानातले फोमचे इअरप्लग घाला. सकाळपर्यंत कान वाजत राहिले तर दुर्लक्ष करू नका.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे वाजवून झालं की गाडीला किक मारून निघून जाणं. पहिल्या वर्षी मला आठवडाभर ढोल मिळालाच नाही, दोर ओढायला बसवलं. रागाने दोन दिवस गेलो नाही. तिसऱ्या दिवशी पथकातल्या एका दादाचा फोन आला, "बरा आहेस ना रे?" एवढंच. त्या संध्याकाळी मी परत गेलो. ढोल कसताना, पावसात ताडपत्री ओढताना, टेम्पोत ढोल चढवतानाच माणसं ओळखीची होतात. ढोलाचं पान, म्हणजे तोंडावर ताणलेला पडदा, दमट झालं की आवाज का बसतो, हेही तिथेच कळतं.

पैशांचं पहिल्याच दिवशी मोकळेपणाने विचारा: वर्गणी किती, कुर्ता-फेटा कुणाचा, मंडळाकडून येणारं मानधन कशावर खर्च होतं. चांगलं पथक सरळ उत्तर देतं. विसर्जन मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते, तेव्हा घरी कसं पोहोचणार हे आधी ठरवा, आणि मुलींना सोडायची काय सोय आहे तेही विचारून घ्या.

त्या दिवशी ढोल मिळेलच असं मात्र धरून चालू नका. वादक जास्त आणि ढोल कमी असतात. शिवाय संख्येवर बंधनंही येऊ शकतात: 2024 मध्ये हरित लवादाने पथकात 30 जणांची मर्यादा घातली होती, सर्वोच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली. पाळीपाळीने वाजवायची तयारी ठेवा, उरलेल्या वेळात ध्वज धरा, पाणी द्या.

विसर्जनानंतर ढोल पुसून, दोर सैल करून ठेवायचे असतात. त्या दिवशी नवे सहसा येत नाहीत. तुम्ही या, चहा आमच्याकडे.