‘आता काय करता?’ विचारलं की नवखे खेळाडू गप्प : माझा अनुभव

डंजन्स अँड ड्रॅगन्स, पाचवी आवृत्ती : एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे आपलं पात्र काय करतं ते बोलून आणि फासे टाकून खेळतात. गोष्ट सांगणारा मी. टेबलाभोवती चौघं, सगळे पहिल्यांदाच खेळणारे. मी प्रसंग रंगवून ‘आता काय करता?’ विचारायचो आणि सगळे पात्राच्या कागदात डोकं खुपसायचे.

आधी नियमांवर अर्धा तास बोललो, जांभया आल्या. मग प्रत्येकाला पात्र बनवायला बसवलं, त्यातच संध्याकाळ संपली. तीन रविवार वाया गेले, जाम वैतागलो.

चौथ्यांदा जमलं. पहिल्या लेव्हलची, म्हणजे अगदी सुरुवातीच्या ताकदीची, पाच तयार पात्रं छापली. चौघांना पाच, म्हणजे शेवटच्यालाही निवड उरते. कागदावर हल्ला, आर्मर क्लास (वार लागायला समोरच्याला किती आकडा हवा) आणि हिट पॉइंट्स (किती मार सोसता येतो) एवढंच पेनाने गोल केलं. सुरुवात खानावळीत नाही, थेट तुटत्या झुलत्या पुलावर, समोर दोनच गॉब्लिन, म्हणजे छोटे राक्षस (पहिल्या लेव्हलचा जादूगार दोन-तीन घावांत आडवा होतो).

खरी किल्ली पुढे. प्रश्न सगळ्यांना मिळून नाही, एकेकाला नाव घेऊन, दोन पर्याय देऊन : ‘गॉब्लिन पुलाचा दोर कापतोय. त्याच्यावर धावतेस, दोर धरतेस, की तिसरंच काही?’ उत्तर आल्यावरच वीस बाजूंचा फासा हातात द्यायचा : टाक, आलेल्या आकड्यात कागदावरचा हा आकडा मिळव, 10 किंवा जास्त आले तर जमलं. 15 चं आव्हान दुसऱ्या तासात. फासा फसला तरी वाट बंद करायची नाही. दोर निसटतो, पण खाली कपार असते.

तिसऱ्या फेरीत एकीने विचारलं, ‘कंदिलातलं तेल फळ्यांवर ओतू?’