राष्ट्रीय उद्यानातील नदीकाठची छोटी वर्तुळाकार पायवाट कशी चालावी

राष्ट्रीय उद्यानांमध्ये नदीच्या काठाने जाऊन जंगलातून पुन्हा मूळ ठिकाणी आणणाऱ्या तीन ते पाच किलोमीटरच्या वर्तुळाकार पायवाटा आखलेल्या असतात. त्या सोप्या मानल्या जातात आणि बहुतेक दिवशी त्या सोप्या असतातही. मात्र त्यांची एक बाजू नियोजन करताना सहसा विचारात घेतली जात नाही. ज्या वाटेने गेलो त्याच वाटेने परतायचे असेल, तर कुठेही अडथळा आला तरी मागे फिरता येते आणि जितके चाललो तितकेच अंतर परत चालावे लागते. वर्तुळाकार वाटेवर मात्र शेवटच्या अर्ध्या किलोमीटरवर साकव वाहून गेलेला आढळला, तर जवळजवळ संपूर्ण वाट उलट दिशेने पुन्हा चालावी लागते. नदीकाठी पूर, दरड आणि मुळासकट उन्मळलेली झाडे ही नेहमीची गोष्ट असल्यामुळे ही शक्यता गृहीत धरलेली बरी. म्हणून माझ्या मते पहिला नियम असा असावा की, संपूर्ण फेरीला लागणारा वेळ काढावा, त्याची दुप्पट करावी आणि तेवढा वेळ सूर्यास्ताच्या आत मावेल अशा बेताने निघावे.

वेळेचा अंदाज बांधण्यासाठी स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी 1892 मध्ये मांडलेला ठोकताळा आजही वापरला जातो: दर पाच किलोमीटरला एक तास आणि चढाच्या दर 600 मीटरला आणखी एक तास. म्हणजे चार किलोमीटरची फेरी आणि एकूण 120 मीटर चढ असेल, तर 48 मिनिटे अधिक 12 मिनिटे, असा बरोबर एक तास होतो. परंतु हा हिशेब धडधाकट माणसाच्या न थांबता चालण्याचा आहे. ओली मुळे, दगड, लहान मुले आणि पाण्याजवळ थांबण्याचा मोह लक्षात घेता दीड ते दोन तास धरावेत आणि वरच्या नियमाप्रमाणे चार तासांचा उजेड हाताशी ठेवावा. दाट झाडी असलेल्या खोल दरीत सूर्य डोंगराआड लवकर जातो आणि पायाखालचे दिसेनासे होण्याची वेळ पंचांगातील सूर्यास्तापेक्षा बरीच आधी येते.

निघण्यापूर्वी उद्यानाच्या माहिती केंद्रात किंवा वनरक्षकाकडे तीन गोष्टी विचाराव्यात: वाट आज पूर्ण खुली आहे का, सर्व साकव जागेवर आहेत का, आणि वरच्या अंगाला धरण असल्यास पाणी सोडले जाणार आहे का. वन्यप्राण्यांमुळे काही उद्यानांत वाटाड्याशिवाय पायी फिरण्यास मनाई असते, तेव्हा तेही तिथेच स्पष्ट करून घ्यावे. सुरुवातीच्या फलकावरील नकाशाचे मोबाइलवर छायाचित्र काढावे. उपग्रहांवरून स्थान दाखवण्यासाठी मोबाइलला नेटवर्क लागत नाही, परंतु नकाशा आधी उतरवून घेतलेला नसेल तर कोऱ्या पडद्यावर नुसता ठिपका दिसतो. शिवाय अरुंद दरीत आणि ओल्या पानांखाली तो ठिपका काही मीटर इकडेतिकडे सरकतो, म्हणून दोन जवळजवळच्या वाटांपैकी आपण नेमक्या कोणत्या वाटेवर आहोत याचा निर्णय त्याच्यावर सोडू नये.

नकाशावर फेरीचा प्रकार ओळखावा. काही फेऱ्या एकाच काठावर असतात: जाताना पाण्यालगत, येताना वरच्या उतारावरून. काही फेऱ्या एका पुलावरून पलीकडे जाऊन दुसऱ्या पुलावरून परत येतात. अशा फेरीत दोन्ही पूल शाबूत असणे अत्यावश्यक आहे. तिसऱ्या प्रकारात एकेरी वाटेने काही अंतर गेल्यावर पुढे फेरी सुरू होते आणि ती पुन्हा त्याच फाट्यावर येऊन मिळते. या फाट्यावर पोहोचताच थांबून मागे वळून पाहावे, कारण परतताना तो समोरून नव्हे तर बाजूने दिसणार असतो, आणि पुष्कळ लोक तो न ओळखता फेरीला दुसऱ्यांदा लागतात. तिथले एखादे वाकडे झाड, फुटका खडक किंवा फलकाची मागची बाजू नीट लक्षात ठेवावी.

फेरी कोणत्या दिशेने करावी? तीव्र उतार एकाच बाजूला असेल, तर तो चढण्यासाठी निवडावा. ओल्या मातीवर चढताना पाय घसरला तर माणूस हातांवर पडतो, उतरताना घसरला तर पाठीवर. मात्र नदी बर्फ वितळून वाहणारी असेल, तर नदीकाठचा भाग सकाळीच उरकावा. अशा नद्यांचे पाणी पहाटे सर्वांत कमी असते आणि दिवसभराच्या उन्हानंतर दुपारी उशिरा किंवा संध्याकाळी सर्वाधिक चढते. हे दोन सल्ले एकमेकांविरुद्ध गेले तर मी नदीचे ऐकेन.

सामान थोडेच लागते: तासाला साधारण अर्धा लिटर याप्रमाणे पिण्याचे पाणी, थोडे खाणे, पावसाचे जॅकेट, टॉर्च, शिट्टी, प्रथमोपचाराची लहान पिशवी आणि खोल नक्षीच्या तळव्याचे बूट. कुठे जात आहोत आणि किती वाजेपर्यंत परतू, हे घरच्या कोणाला तरी सांगून ठेवावे.

नदीकाठी चालण्याचे खरे कौशल्य पायाखाली पाहण्यात आहे. साल निघालेले, ओले आणि वाटेला तिरके गेलेले मूळ सर्वांत घसरडे असते. त्यावर पाय न देता ते ओलांडावे. दगडांपैकी जे काळपट आणि चकाकणारे दिसतात त्यांच्यावर शेवाळाचा पातळ थर असतो. कोरडे, फिकट आणि खरखरीत दगड भरवशाचे. लाकडी साकवावर फळ्यांवरील खिळ्यांची रांग पाहावी: खिळे जिथे आहेत तिथे खाली आधाराची तुळई असते, म्हणून जुन्या साकवावर त्या रांगेवरून, एका वेळी एकानेच, छोटी पावले टाकत जावे. काठाकडेही तितकेच लक्ष हवे. नदी वळते तिथे बाहेरच्या बाजूला प्रवाह वेगवान असतो आणि तो काठ खालून पोखरतो; वरून गवताने झाकलेली घट्ट वाटणारी कड प्रत्यक्षात अधांतरी असू शकते. छायाचित्रासाठी अशा कडेवर उभे राहू नये आणि मुलांना तर तिथे मुळीच जाऊ देऊ नये. वळणाच्या आतल्या बाजूला प्रवाह मंदावून वाळू-गोटे साठतात. थांबायचे असेल तर जागा तीच चांगली, पण पाणी चढू लागले की सर्वांत आधी बुडते तीही तीच.

पाणी चढण्यासाठी आपल्या डोक्यावर पाऊस पडायलाच हवा असे नाही. वरच्या अंगाला, नजरेआडच्या डोंगरावर पाऊस झाला तरी पुरेसे असते. त्याची चिन्हे ओळखता येतात. निवळ पाणी गढूळ होऊ लागते, पाने, काटक्या आणि फेस वाहत येतात, मघाशी उघडे असलेले दगड झाकले जातात आणि पाण्याचा आवाज जड होतो. यांपैकी एक जरी चिन्ह दिसले, तरी खात्री करत बसू नये. सामान आवरण्यात वेळ न दवडता काठापासून दूर, उंचावर जावे. वेगाने वाहणारे केवळ 15 सेंटीमीटर पाणीसुद्धा प्रौढ माणसाला खाली पाडू शकते. साकव नाहीसा झाला असेल तर पाण्यातून पलीकडे जाण्याचा विचारही करू नये, मग गाडी समोर पलीकडच्या काठावर दिसत असली तरी. सुरुवातीला दुप्पट धरलेला वेळ याच क्षणासाठी असतो.

नदीपासून वाट वर वळल्यावर चुकण्याची शक्यता वाढते, कारण आता पाण्याची सोबत नसते. झाडांवरील रंगाच्या खुणा पाहत चालावे, आणि बराच वेळ खूण दिसली नाही तर शेवटच्या खुणेपर्यंत मागे जावे. पुढे सापडेल या आशेने चालत राहू नये. समोच्च रेषांचा, म्हणजे समान उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषांचा, नकाशा वाचता येत असेल, तर जिथे त्या रेषा ओढा ओलांडतात तिथे त्यांचे टोक नेहमी ओढ्याच्या वरच्या अंगाकडे असते, एवढे लक्षात ठेवले तरी दिशा पडताळता येते. नदी दिसते म्हणून वाट सोडून सरळ खाली उतरणे धोक्याचे आहे: झाडीत लपलेला कडा वरून दिसत नाही आणि काठच्या नाजूक मातीची धूपही होते.

प्राण्यांना अन्न देऊ नये आणि त्यांच्यापासून अंतर राखावे. अमेरिकेतील यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात, जे 1872 साली स्थापन झाले, अस्वल आणि लांडगे यांच्यापासून 91 मीटर आणि इतर बहुतेक प्राण्यांपासून 23 मीटर दूर राहण्याचा नियम आहे. स्वतंत्र नियम नसेल तिथेही हे माप उपयोगी पडते. प्रवाहाच्या खळखळाटात प्राण्याला आपली चाहूल लागत नाही आणि आपल्याला त्याची. त्यामुळे अस्वलांच्या प्रदेशात नदीकाठच्या प्रत्येक आंधळ्या वळणाआधी मोठ्याने बोलावे.

नदीचे पाणी कितीही स्वच्छ दिसले तरी थेट पिऊ नये, त्यात जिआर्डियासारखे परजीवी असू शकतात. प्यावेच लागले तर खळखळ उकळी आल्यावर एक मिनिट, आणि दोन हजार मीटरपेक्षा जास्त उंचीवर तीन मिनिटे उकळावे. नैसर्गिक विधीसाठी पाण्यापासून व वाटेपासून किमान 60 मीटर दूर जाऊन 15 ते 20 सेंटीमीटर खोल खड्डा करावा आणि नंतर तो बुजवावा. प्रवाहात साबण वापरू नये, निसर्गात विघटन होणारा म्हणून विकला जाणारासुद्धा नाही, कारण ते विघटन मातीत होते.

परत आल्यावर नोंदवहीत नाव लिहिले असेल तर परतल्याची नोंद करावी आणि वाटेत पडलेले झाड किंवा कुजलेली फळी दिसली असल्यास तिचे ठिकाण कार्यालयात सांगावे. गुडघ्यांच्या मागे, जांघेत, काखेत, कानांमागे आणि केसांत गोचीड आहे का ते पाहावे. गोचीड चिकटलेली असेल तर बारीक टोकाच्या चिमट्याने त्वचेलगत पकडून, न पिळता, सरळ वर ओढावी. तिच्यावर तेल, रॉकेल किंवा पेटती काडी लावू नये. त्यानंतरच्या काही आठवड्यांत ताप आला किंवा चाव्याभोवती पसरत जाणारा लाल चट्टा दिसला, तर डॉक्टरांकडे जाऊन गोचीड कोणत्या भागात आणि कोणत्या तारखेला चावली हे आवर्जून सांगावे.