जिओसेलच्या कामावर नवीन असाल तर

जिओसेल म्हणजे प्लास्टिकच्या पट्ट्या वेल्ड करून केलेली, मधाच्या पोळ्यासारखी कप्प्यांची जाळी. तिचं खरं काम एकच: कप्प्यांत भरलेल्या खडी-वाळूला, म्हणजे भरावाला, बाजूला सरकू न देणं. चाकाखाली खडी पसरायला पाहते, कप्प्याची भिंत ताणली जाऊन तिला अडवते, शेजारचे भरलेले कप्पे उलटा रेटा देतात. मग सगळा थर मिळून भार मोठ्या क्षेत्रावर वाटतो. म्हणूनच अर्धवट उघडलेला किंवा सैल भरलेला कप्पा निरुपयोगी. १९७० च्या दशकात अमेरिकी लष्करी अभियंत्यांनी मऊ जमिनीवरच्या रस्त्यांसाठी हे प्रयोग केले, तेही याच तत्त्वावर.

कप्प्यांची उंची साधारण ७५ ते २०० मिमी असते. नवखे उंचीकडेच बघतात, पण तोंडाचा आकारही तितकाच महत्त्वाचा. कप्पा लहान असेल तर पकड जास्त. भरावाला स्वच्छ वाळू किंवा खडी घ्या. चिकणमाती भरू नका, ती पाणी धरते आणि ओली झाली की घर्षण गमावते.

आधी जमीन सपाट करून दाबा आणि पाण्याला वाट द्या. मग जिओटेक्स्टाइल (पाणी जाऊ देणारं, माती अडवणारं कापड) अंथरा, नाहीतर खालचा गाळ वर येऊन खडीत मिसळतो. सीबीआर (जमिनीच्या मजबुतीचा टक्क्यांतला आकडा) ३ च्या वर असेल तर कापडाच्या दोन पट्ट्यांचा ३०० ते ४५० मिमी ओव्हरलॅप पुरतो. १ ते ३ असेल तर ६०० मिमी ते १ मीटर ठेवा.

जिओसेलचं पॅनेल (घडी करून येणारा एक तुकडा) पूर्ण ताणून कडांना खुंट्या ठोका आणि भरून होईपर्यंत काढू नका. खुंट्या लवकर काढल्या की पॅनेल आखडतं, कप्पे वाकडे होतात. शेजारच्या पॅनेलच्या कडा एका उंचीला आणूनच जोडा.

भराव टाकताना लोडरची चाकं भरलेल्या कप्प्यांवरच राहिली पाहिजेत आणि खडी १ मीटरपेक्षा जास्त उंचीवरून पडता कामा नये. सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं: भिंती आडव्या पडतात, वेल्ड उसवतात. दबाईत थर बसतो, म्हणून कप्प्याच्या वर साधारण ५० मिमी जादा भरा. दाबल्यावर भिंतींच्या कडा उघड्या दिसल्या तर भराव कमी पडला आहे. रोलर तसाच फिरवलात तर कडा दुमडतील.

प्लेट लोड चाचणी (प्लेटवर भार देऊन जमीन किती खचते ते मोजणं) कामाआधी आणि नंतरही घ्या. प्लेटचा व्यास तोच हवा, जागा शक्य तितकी जवळची आणि जमिनीतला ओलावा दोन्ही वेळा नोंदवलेला.