मानेवरची गाठ उडत असेल तर

संक्रांतीच्या दिवसांत नागपुरात पुलावरून स्कूटर नेताना माझ्या धाकट्या भावाच्या मानेत नायलॉन मांजा घुसला. २०१७ पासून या मांज्यावर देशभर बंदी आहे, तरी. सहा टाके पडले, जखम भरली. तीन आठवड्यांनी जबड्याच्या कोनाखाली सुपारीएवढी गाठ आली आणि आवाज बसला. शेजारच्या काकू म्हणाल्या, मिठाच्या पुरचुंडीनं शेका. एका दवाखान्यात तर पू समजून सुई घालणार होते. मी तीस वर्षं सर्जरीच्या वॉर्डात सिस्टर होते, म्हणून तो हात मी धरला.

मानेला मार लागल्यावर, मग तो मांज्याचा असो की अपघातातला, गाठ दिसली तर आधी एवढं करा. दोन बोटं गाठीच्या दोन बाजूंना अलगद टेकवा. दाबायचं नाही, चोळायचं नाही. धमनीवर बसलेली साधी गाठ ठोक्यासरशी बोटं नुसती वर उचलते; धमनीलाच भोक पडून झालेली गाठ मात्र बोटांना एकमेकांपासून लांब सारते. कॅरोटिड धमनीला, म्हणजे मानेतून मेंदूकडे रक्त नेणाऱ्या धमनीला, भोक पडून बाहेर आलेलं रक्त आजूबाजूच्या मांसानं अडवून धरलेलं असतं. हाच स्यूडोॲन्युरिझम. त्या पिशवीला धमनीची स्वतःची भिंत नसते, म्हणून ती कधी फुटेल सांगता येत नाही. आणि गाठ उडत नाही म्हणून निर्धास्त राहू नका. आत रक्त गोठलं की ठोका हाताला लागत नाही.

बाकीच्या खुणाही बघा: घास अडकणं, कानात नाडीच्या तालावर घूं-घूं, एक पापणी खाली येऊन त्याच डोळ्याची बाहुली बारीक होणं, जीभ बाहेर काढल्यावर एका बाजूला वळणं. मार महिन्यांपूर्वीचा असला तरी डॉक्टरांना सांगाच, ते आपण होऊन विचारतीलच असं नाही. त्याच दिवशी डॉपलर, म्हणजे रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी, करून घ्या, मग सीटी अँजिओग्राफी, म्हणजे औषध सोडून रक्तवाहिन्यांचा काढलेला स्कॅन, आणि रक्तवाहिन्यांच्या सर्जनची गाठ घ्या.

तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोलणं अडखळलं, तर पिशवीतली गुठळी मेंदूत गेलेली असू शकते. घड्याळ बघून वेळ लिहा आणि १०८ लावा. गाठ फुटून रक्त आलं, तर मात्र स्वच्छ कापडानं त्याच जागी घट्ट दाबून धरा, गळ्याभोवती काही आवळू नका.

भावाला धमनीच्या आतून आच्छादित स्टेंट, म्हणजे भोक झाकणारी अस्तर लावलेली जाळीची नळी, बसवला. रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या तो रोज जेवणानंतर घेतो. डब्यातली गोळी मी स्वतः मोजते.